आचऱ्यात कोणीच राहत नाही

त्या सकाळी आचऱ्याची लोकसंख्या शून्य होती.

म्हणजे घरं होती, माड होते, अंगणात तुळशी होत्या, दोरीवर कोणाचं तरी विसरलेलं धोतरही वाळत होतं. फक्त माणूस नव्हतं. कुत्रं नव्हतं. कोंबडीसुद्धा नव्हती. रामेश्वराचा कौल झाला होता आणि गावपळण सुरू झाली होती. दर काही वर्षांनी देव सांगतो, तीन दिवस-तीन रात्री गाव मोकळं करा. आणि आचरेकर गुरंढोरं, मांजरं, पत्त्यांचे कॅट घेऊन शिवेबाहेर खोपी बांधून राहायला जातात. का, असं कोणी विचारत नाही. एवढ्या चांगल्या सहलीला कारण विचारायचं नसतं.

गौरजा शिवेच्या व्हाळावर उभी होती आणि पलीकडे बघत होती. व्हाळ म्हणजे घोट्याभर पाण्याचा ओढा, पण आज तो ओलांडायचा नव्हता. आणि पलीकडे, हाकेच्या अंतरावर, तिच्या घराच्या पडवीत बीपीचं मशीन राहिलं होतं. गौरजा एका आरोग्य संस्थेत सर्व्हेचं काम करायची. घरोघरी जायचं, बीपी मोजायचं, बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, हिमोग्लोबीन लिहायचं. सर्व्हे आजपासून होता. मशीन देवाच्या ताब्यात होतं.

तेवढ्यात रिकाम्या गावातून हाक आली. "कोणी आहे का?"

तिच्या अंगावर सरसरून काटा आला. या तीन दिवसांत गाव देवांचं असतं, गावाची राखण करणारा देवचार गस्तीला निघतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. माडांच्या सावलीतून कोणीतरी चालत येत होतं. पण त्याच्या हातात काठी नव्हती. खांद्यावर घोंगडी नव्हती. होती ती एक जाडजूड काळी बॅग, हातात एक पिवळं यंत्र, आणि चेहऱ्यावर शाळेत उशिरा पोचलेल्या मुलाचा भाव.

"थांबा!" ती ओरडली. "तुम्ही... कुठले?"

"वैभववाडीचा."

गौरजाचा जीव भांड्यात पडला. देवचार वैभववाडीचा असणं शक्य नव्हतं. त्यांच्यात इतक्या लांब बदल्या होत नसाव्यात.

"या गावात कोणीच राहत नाही का?" त्यानं विचारलं.

"मी राहते. म्हणजे... आज नाही."

"मघापासून दारं वाजवतोय. दोन घरांना बेल होती. त्या दोन्ही वाजवल्या."

"मग?"

"छान वाजतात."

गौरजाला हसू आलं. ते आवरायला तिनं ओढणीचं टोक तोंडाशी नेलं, आणि त्याला ते दिसलं... आणि त्याला दिसलं हे तिलाही दिसलं. मध्ये व्हाळ उगाच खळखळत होता.

त्याचं नाव निकेत. संस्थेनं सर्व्हेचे आकडे कॉम्प्युटरवर चढवायला पाठवलेला मुलगा. पिवळं यंत्र म्हणजे उपग्रहाला विचारून आपण नेमके कुठे उभे आहोत ते सांगणारं जीपीएस. गाव कुठे गेलं हे मात्र त्याला सांगता आलं नव्हतं.

"एक काम कराल?" गौरजा म्हणाली. "तुम्ही आमच्या गावचे नाही. शिवाय आत आहातच. तेव्हा देवाला तुमच्याशी काही घेणंदेणं नाही."

"आभारी आहे."

"ते कौलारू घर दिसतंय ना, दारात अनंताचं झाड आहे... त्याच्या पडवीत खुंटीला निळी पिशवी आहे. आणाल?"

तो गेला, पिशवी घेऊन आला, आणि घोट्याभर पाण्यातून ती डोक्यावर दोन्ही हातांनी धरून, पूर आल्यासारखा, पाऊल पाऊल टाकत ओलांडू लागला. शेवटच्या दगडावर घसरला. गौरजानं झटकन हात पुढे केला... आणि पिशवी पकडली.

निकेत पाण्यात बसला.

"पाऱ्याचं मशीन आहे हो," ती ओशाळून म्हणाली. "फुटतं."

"बरोबर आहे," तो पाण्यातून म्हणाला. "मी नाही फुटत."

*

असा सर्व्हे जगात कुठे झाला नसेल. घरी कोणी नाही, मुंबईला गेलेत, समुद्रावर गेलेत, असलं काही नाहीच. अख्खं गाव कापणी झालेल्या शेतात, खोपीला खोप लावून, हातात वेळ घेऊन बसलेलं. कुठे भजन, कुठे फुगड्या, कुठे तीन दगडांवर पेजेचं भांडं. गौरजा बीपी बघायची, थेंब घ्यायची, आकडा सांगायची. निकेत तो टिपायचा आणि पिवळ्या यंत्रावर जागेची नोंद करायचा. दुपारच्या उन्हात गवताचा वास यायचा, खाडीवरून खारं वारं यायचं, आणि आकडा सांगताना ती उगाच त्याच्याकडे बघायची. आकड्याला बघावं लागत नाही, हे तिला ठाऊक होतं.

मासेवाल्या मथुराकाकीनं फर्मान काढलं, "पयलो ह्या चेड्याचा बीपी बघ. आमचा मागसून."

गौरजानं निकेतच्या दंडाला पट्टा बांधला, मनगट धरलं. पारा वर गेला आणि वरच राहिला.

"जास्त आहे," ती घाबरून म्हणाली. "दुसरा हात बघू."

दुसऱ्या हाताला आणखी जास्त निघालं.

मथुराकाकी शांतपणे सुपारी कातरत होती. "गो बाय, तू आदी तेचो हात सोड. मगे बघ काय येता ता."

आजूबाजूच्या पाच-सहा खोपी हसल्या. निकेतनं पुढची नोंद उलटी लिहिली आणि खोडली.

दुसऱ्या दिवशी आनंदीची पाळी आली. आनंदी गौरजाची शाळेपासूनची मैत्रीण. तिचं लग्न मथुराकाकीच्या मुलाशी, महादूशी, ठरलेलं. गौरजानं तिचं बोट टोचलं, आकडा बघितला आणि पुन्हा बघितला. सहा पॉइंट आठ. बाईमाणसाला बारा तरी असावं.

"कोणाक सांगशात काय गो?" आनंदीनं खालच्या आवाजात विचारलं. "माझी सासू म्हणतली, पोरीच्या अंगात रगात नाय, पोरा कशी होतली... लगीन मोडात गो माझा."

"कोणाक कळाचा नाय. माजी शपथ."

गौरजानं तो शब्द आनंदीला दिला, आणि मग संध्याकाळपर्यंत आणखी कितीतरी बायकांना. बायका तिला खरं सांगायच्या ते या शब्दावर. निकेत खोपीबाहेर पाठ करून बसला होता. त्यानं फक्त आकडा, वय आणि घरनंबर घेतला, नाव विचारलं नाही. गौरजाला वाटलं, किती समजूतदार पाठ आहे ही.

*

महिन्याभरानं मालवणच्या ऑफिसात नकाशा तयार झाला. निकेतनं तिला खुर्ची दिली, माऊस दिला आणि मागे उभा राहिला.

पडद्यावर आचरा उघडलं. रस्ते, देऊळ, बाजार, घरं, खाडी. ठिपका म्हणजे एक माणूस. ठिपक्यावर क्लिक केलं की त्याचं बीपी, हिमोग्लोबीन. एक बटण दाबलं की फक्त बायका, दुसरं दाबलं की फक्त म्हातारी माणसं. सगळं सुंदर होतं. फक्त गावात एकही ठिपका नव्हता. सगळे ठिपके व्हाळापलीकडच्या शेतात, जत्रेतल्यासारखे गर्दी करून उभे होते.

"आचऱ्यात कोणीच राहत नाही," गौरजा म्हणाली.

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं."

दोघं इतकी हसली की बाजूच्या खोलीतून गुरुदास सर बघून गेले. गुरुदास सर संस्थेचे प्रमुख. त्यांना अचूकता आवडायची आणि हसण्याचं कारण समजून घ्यायला वेळ लागायचा.

"आणि रक्त कमी असलेल्यांना लाल रंग?" गौरजानं विचारलं.

"धोक्याचा म्हणून."

"ज्यांचं रक्त चांगलं त्यांना हिरवा. त्यांच्या अंगात काय, टाकळ्याची भाजी?"

निकेतनं गंभीरपणे विचार केला. "तुम्ही सांगाल तो रंग देतो."

"सगळ्या ठिपक्यांना?"

"...ठिपक्यांनाही."

तिनं माऊस उगाच इकडेतिकडे फिरवला. पडद्यावरचा बाण समुद्रात गेला, तिथेच हेलकावत राहिला. तिला परत किनाऱ्यावर यायची घाई नव्हती.

पुढच्या आठवड्यात मात्र ती आली तेव्हा ठिपके गावात परतले होते. गुरुदास सरांनी नकाशा बघून डोक्याला हात लावला होता, आणि निकेतनं घरनंबर शोधून एकेक माणूस आपापल्या घरी पोचवला होता. तो अभिमानानं फुलला होता. "बघा. एकही चुकलेला नाही. नाव कुठेच लिहिलेलं नाही. पण हे फणसाजवळचं घर... क्लिक करा."

गौरजानं क्लिक केलं. लाल ठिपका. स्त्री, वय तेवीस, सहा पॉइंट आठ.

ती ताडकन उठली. "ह्या कोणाचा घर, तुका म्हायत आसा?"

आजवर ती दोघं एकमेकांशी ऑफिसातली मराठी बोलत होती. अहो-जाहो, इस्त्री केलेली. निकेत क्षणभर गांगरला आणि मग तोही घसरला. "नाव खंय लिवलंय मी?"

"नाव कित्याक व्हया रे मेल्या? फणसाकडचा घर म्हटल्यार गावातलो कुत्रो पण सांगतलो कोणाचा ता! शपथ घातलंय मी तिका. एकटीक नाय, पन्नास जणींक!"

"गुरुदास सरांनी सांगल्यानी म्हणान केलंय. माका काय म्हायत तू शपथा वाटत गेलंस ता!"

"तू पाठ करून बसलेलंस. माका वाटला, तुका कळता."

हे मात्र त्याला लागलं. तो खुर्चीत बसला आणि पुन्हा ऑफिसातल्या मराठीत, हळूच म्हणाला, "शनिवारी गावात सभा आहे. घराघरावर ठिपके दाखवले तर अख्ख्या तालुक्याचं काम मला मिळणार. दोन वर्षं... इथेच. नाही दाखवले तर एक तारखेपासून पुणं. चुलत भावाच्या कंपनीत जागा ठेवली आहे."

पंखा घरघरत होता. गौरजाला एकदम समजलं, आपण त्याच्याकडे काय मागतोय ते.

"मी गेलो तर चालेल तुम्हाला?"

"आनंदीचं लग्न मोडलेलं चालणार नाही."

"मी तुमचं विचारलं."

तिनं पिशवी उचलली. दारापर्यंत गेली... थांबली... आणि गेली. एसटीच्या खिडकीतून वारं तोंडावर येत होतं, माडांच्या फटीतून समुद्र दिसत होता, लपत होता. नकाशा चुकीचा राहावा आणि माणूस इथे राहावा, एवढंच तिला हवं होतं. पण हे दोन्ही एका ताटात वाढलेलं नव्हतं. कंडक्टरनं तिकीट विचारलं तेव्हा ती "पुणं" म्हणाली. कंडक्टर म्हणाला, "ताई, ही गाडी आचऱ्यापर्यंतच जाते." तिला फार बरं वाटलं.

*

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये ही गर्दी. भारनियमनामुळे धोंडूचा जनरेटर आणला होता. धोंडूचा जनरेटर फक्त लग्नांत वाजतो, त्यामुळे गावाला वाटलं जेवण आहे.

पुढे गुरुदास सर, इस्त्रीचा शर्ट घालून. बायकांच्या बाजूला मथुराकाकी. शेवटच्या रांगेत आनंदी, भिंतीला टेकून. तिच्याजवळ गौरजा, तिच्या हातात आनंदीचा थंडगार हात. निकेतनं एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. त्यानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर आचरा आलं. घरं आली.

घरांत कोणी नव्हतं.

मग व्हाळापलीकडे एक ठिपका उगवला, दुसरा, तिसरा... आणि बघता बघता शेत भरून गेलं.

गौरजानं डोळे मिटले. शब्द राहिला. आणि एक तारीख... तीही राहिली, कॅलेंडरवर, जिथल्या तिथे.

"अरे, ह्यो माझो कुणगो मा!" रापणीची जाळी ओढणारा बाबली शेताच्या तुकड्याकडे बोट दाखवत ओरडला. "माझ्या कुणग्यात इतकी माणसा कोणाक विचारून रवतत?"

"गावपळण रे ती!" कोणीतरी ओरडलं, आणि हॉल उठला. ही आमची खोप. ती तुमची. नाय, तुमची खोप वडाकडे, हय आमी पत्ते कुटत हुतो. पाच मिनिटं कोणालाच आवरता येईना. खोपी कोणीही कुठेही बांधल्या होत्या, भावकी शेजारी नव्हती, आणि सर्व्हेच्या वेळी अर्धा गाव दुसऱ्याच्या खोपीत बसला होता. कुठला ठिपका कोण, हे रामेश्वरालाही विचारून कळलं नसतं.

गुरुदास सर निकेतच्या कानाशी गेले. "हे काय? गाव शेतात?"

"सर, मोजलं तेव्हा गाव तिथेच होतं."

"पण ते चुकीचं दिसतं!"

"दिसतं खरं," निकेत म्हणाला. "पण तसंच राहू दे सर."

तोवर बाबलीनं माऊस घेतला होता. त्यानं एक हिरवा ठिपका पकडला आणि जाहीर केलं, "ह्यो मी." त्याच ठिपक्यावर आणखी चौघांनी हक्क सांगितला. हिरव्यांची वाटणी झपाट्यानं झाली. लाल ठिपके मात्र तसेच राहिले. ते कोणाचेच नव्हते.

निकेतनं 'फक्त बायका' हे बटण दाबलं.

हिरवे भराभर विझले. शेत लाल झालं.

 बाहेर फक्त जनरेटर धडधडत होता. बायका पडद्याकडे बघत होत्या. प्रत्येकीला वाटत होतं की दमणं, चक्कर येणं, जिन्यावर बसून राहणं हे फक्त आपलंच... आणि समोर तर अख्खा कुणगा भरला होता.

"इतक्यो?" मथुराकाकी म्हणाली.

ती उठली. पदर खोचला. पडद्यापाशी गेली आणि एका लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "ह्यो माझो. पाटी डोक्यार घेतलंय काय डोळ्यांफुडे काळोख येता. दोन वरसा झाली. कोणाक सांगूक नाय."

"गो मथुरा, तो माझो!" मागून दुसरी उठली. "माझी खोप थंय हुती."

"तुझी खोप व्हाळाकडे. तो बाजूचो घे."

"बाजूचो माझ्या जावेचो!"

हिरव्यांसाठी कोणी भांडलं नसेल इतक्या जोरात बायका लालसाठी भांडू लागल्या. आणि त्या गोंधळात गौरजाच्या हातातला हात सुटला. आनंदी उभी राहिली होती.

"माझो पण आसा," ती म्हणाली. "खंयचो ता म्हायत नाय. पण आसा."

मथुराकाकी वळली. होणाऱ्या सुनेकडे तिनं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. गौरजाला वाटलं, जनरेटरसुद्धा थांबला.

"किती?"

"सहा... आठ."

"माझा सात," मथुराकाकी म्हणाली. "म्हणजे सासूच वरचढ. बरा झाला आदीच कळला ता. आता दोगी मिळान गोळये खावया. आणि गो, लग्नात उपास-बिपास काय एक करू नको. मी सांगतंय."

आनंदी रडली. मग हसली. मग दोन्ही एकदम.

गुरुदास सर बराच वेळ चष्मा पुसत होते. शेवटी म्हणाले, "नकाशा चुकीचा आहे. सभा बरोबर झाली. हे मी रिपोर्टात कसं लिहू?"

"ता तुमचा तुमी बघा," मथुराकाकी म्हणाली. "पण फुडच्या खेपेक ह्योच चेडो येऊक व्हयो, आणि हीच चेडू. दुसऱ्या कोणाक आमी रगताचो थेंब दिवचंव नाय."

बायकांनी माना डोलावल्या. गुरुदास सरांनी त्या मानांकडे बघितलं. मानांचा आकडा मोठा होता, आणि त्यांना आकडे समजायचे. "तालुक्याचं काम वाडीनिहाय करू," ते निकेतला म्हणाले, जणू आपल्यालाच सुचलं होतं. "घरनिहाय ठिपके नकोतच."

*

हॉल रिकामा झाला. ऊन उतरलं होतं, शाळेच्या पटांगणात सुरूच्या सावल्या लांब पडल्या होत्या, आणि जनरेटरपासून हॉलपर्यंतची लांबलचक केबल गुंडाळायची होती. निकेत एका टोकाला, गौरजा दुसऱ्या. तो कोपरावरून वेटोळं घालत होता, ती केबल सोडत होती. प्रत्येक वेटोळ्याला तो थोडा जवळ येत होता. घाई कोणालाच नव्हती.

"मग पुणं?" तिनं विचारलं.

"रद्द."

"आता काम मिळालं म्हणून?"

"नाही. काल रात्री ठिपके परत शेतात नेले, आणि सकाळी भावाला फोन केला. येत नाही म्हणून."

तिचे हात थांबले. "पण सकाळी तर काम जाणारच होतं."

"काम जाणार होतं," निकेत म्हणाला. "मी कुठे जाणार होतो?"

वारा आला, सुरूची झाडं सुस्कारली. केबल दोघांमध्ये सैल लोंबत होती.

"मग करणार काय होतात?"

"ते ठरलेलं नव्हतं. एवढंच ठरलं होतं की..." आणखी एक वेटोळं. आणखी एक. आता तो इतका जवळ आला होता की तिला त्याच्या शर्टावरचा धुरळा दिसत होता. "...ता ऑफिसच्या मराठीत सांगूक येना नाय."

"मगे तसा सांगू नको."

"गौरजा, माका तू व्हयी. सगळ्या जल्माक."

ती खाली बघत होती. चपलेच्या अंगठ्यानं मातीत एक रेघ काढली, पुसली, पुन्हा काढली. मग वर बघितलं... आणि निकेत जे काही श्वासबिश्वास घेत होता ते राहून गेलं.

"सोमवारी तुझ्या आयेक घेवन ये," ती म्हणाली. "सोमवारी माझी आवस मासे घेवन बाजारात बसना नाय. घरात गावतली."

"आणि तुझ्या आवशीन नाय म्हटल्यान तर?"

"मगे मंगळवारी ये. मी समजावन ठेवतंय."

फाटकापाशी धोंडूनं टेम्पो चालू करून हॉर्न वाजवला. "ओ साहेब! केबल द्या! माका चिंदराक हळदीक जांवचा आसा!"

 केबलचं शेवटचं टोक गौरजाच्या हातात होतं, तो हात निकेतच्या हातात होता, आणि उरलेली सगळी केबल त्याच्या खांद्यावर.

धोंडूनं थोडा वेळ बघितलं. मग टेम्पोचं इंजिन बंद केलं.